टेम्प्लेटमधून निघणारं एचटीएमएल व्हॅलिडेटरमध्ये पास कसं करायचं: सोलापुरी टॉवेल कॅटलॉगच्या उदाहरणासह

सोलापुरात वेबसाइटचं पहिलं काम बहुधा ओळखीतून येतं. चाटी गल्लीतलं कापडाचं दुकान, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, नाहीतर शेंगा चटणी आणि कडक भाकरी पाकिटात भरून पुण्या-मुंबईला पाठवणारं एखादं घर. कॉलेजात जँगो किंवा लारावेल असं एखादं वेब फ्रेमवर्क शिकून झालेलं असतं, पाच-सहा टेम्प्लेटं, म्हणजे पानांचे साचे, लिहून होतात, क्रोममध्ये पान नीट दिसतं. मग कुणीतरी त्याच पानाचा पत्ता व्हॅलिडेटरमध्ये, म्हणजे एचटीएमएलच्या नियमांतल्या चुका शोधणाऱ्या साधनात, टाकतो आणि लाल ओळींची लांबलचक यादी समोर येते. ती यादी पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरणं जँगोची घेतली आहेत, कारण मला ते जवळचं आहे. जिंजा, ब्लेड किंवा रेल्सच्या टेम्प्लेटांत लिहिण्याची पद्धत थोडी बदलते, चुका मात्र त्याच असतात.

समजा, आपल्याकडे पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्याचा कॅटलॉग आहे. मालाची यादी, प्रत्येक मालाचं पान, चौकशीचा फॉर्म आणि मालकांसाठी लॉगिनच्या मागे ऑर्डरींची पानं, एवढा पसारा.

तपासायचं काय

टेम्प्लेट फाइल जशीच्या तशी व्हॅलिडेटरला देऊ नका. त्यातले महिरपी कंस, लूप, इफ हे एचटीएमएल नाहीच, त्यामुळे तिथे येणाऱ्या चुकांना काही अर्थ नसतो. तपासायचं ते सर्व्हरने ब्राउझरला पाठवलेलं तयार पान. ते मिळवायला ब्राउझरमध्ये पान उघडा, कंट्रोल आणि यू दाबा, आणि दिसतो तो सगळा मजकूर कॉपी करा.

इथे बरेच जण इन्स्पेक्टरमधून मजकूर उचलतात आणि फसतात. इन्स्पेक्टरमध्ये दिसतं ते ब्राउझरने दुरुस्त करून घेतलेलं झाड. न बंद केलेले टॅग तिथे बंद झालेले असतात, चुकीच्या जागचे टॅग हललेले असतात. चूक शोधायला बसलात आणि ब्राउझरने आधीच पुसून ठेवलेली प्रत बघितलीत, तर हाती काही लागणार नाही. फायरफॉक्स वापरत असाल तर एक सोय आहे: त्याच्या सोर्सच्या खिडकीत पार्सिंगच्या चुका लाल रंगात दिसतात, कर्सर नेला की कारणही दिसतं. इंटरनेट बंद असलं तरी चालतं.

तपासणीसाठी वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचा 'नू एचटीएमएल चेकर' हा व्हॅलिडेटर घ्या. पत्ता देता येतो, फाइल चढवता येते, मजकूर थेट चिकटवताही येतो. तुमच्या मशीनवर लोकलहोस्टला चालणारं पान त्याला बाहेरून दिसणार नाही, म्हणून तिथे मजकूर चिकटवण्याचाच मार्ग. पण ऑर्डरीच्या पानांवर गिऱ्हाइकांची नावं आणि मोबाइल नंबर असतात. तसली पानं कुठल्याही ऑनलाइन सेवेत चिकटवू नयेत. हाच चेकर जावावर चालणाऱ्या एका जार फाइलच्या रूपात मिळतो, तो आपल्याच मशीनवर चालवा.

जुन्या क्लासच्या नोट्समध्ये एक्सएचटीएमएल १.० चे नियम अजून सापडतात. एचटीएमएलचा तो कडक प्रकार २००० सालचा. २०१९ मध्ये डब्ल्यूथ्रीसी आणि ब्राउझर कंपन्यांचा गट व्हॉटडब्ल्यूजी यांच्यात करार झाला आणि व्हॉटडब्ल्यूजीचं सतत अद्ययावत होणारं 'लिव्हिंग स्टँडर्ड' हेच एचटीएमएलचं एकमेव प्रमाण ठरलं. म्हणून इमेज किंवा ब्रेकच्या टॅगमध्ये शेवटी तिरकी रेघ द्यायची गरज नाही. दिलीत तर चेकर फक्त माहितीवजा सूचना देतो, चूक म्हणत नाही.

यादी वाचायची कशी

वरून सुरुवात करा आणि पहिली चूक दुरुस्त करून पुन्हा तपासा. वर एक डिव्ह बंद करायचा राहिला की खाली त्याची डझनभर पिल्लं निघतात, आणि ती एकेक करून मारत बसण्यात दुपार जाते.

चेकर सांगतो तो ओळ क्रमांक तयार पानाचा असतो, टेम्प्लेटचा नाही. पान पाच फाइली जोडून बनलं असेल तर ओळ ४१२ नक्की कुठली हे कळायला मार्ग हवा. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी त्या फाइलचं नाव एचटीएमएलच्या कॉमेंटमध्ये तात्पुरतं लिहून ठेवा. जँगोची स्वतःची कॉमेंट वापरू नका, ती बाहेर पडतच नाही. जँगो डीबग टूलबार बसवलेला असेल तर त्याच्या टेम्प्लेटच्या रकान्यात कोणकोणत्या फाइली वापरल्या गेल्या ते दिसतं.

बेस टेम्प्लेट आधी

ताण्यातला एक धागा चुकीचा भरला गेला की तो दोष बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) संपेपर्यंत कापडभर उतरतो. बेस टेम्प्लेटमधली चूक तशीच प्रत्येक पानावर उतरते, म्हणून दुरुस्तीची सुरुवात तिथून करायची.

डॉकटाइपच्या आधी मजकुराचं एक अक्षरही पडता कामा नये. रिकाम्या ओळी चालतात. पण पीएचपीचा एखादा इशारा तिथे छापला गेला तर ब्राउझर जुनाट 'क्वर्क्स मोड'मध्ये जातो आणि मांडणीची मापं बदलतात. टायटलचा ब्लॉक बेसमध्ये रिकामा ठेवू नका, कारण एखाद्या पानाने तो भरला नाही तर रिकामं टायटल ही सरळ चूक ठरते. त्यात कारखान्याचं नाव तरी असू द्या.

कॅरेक्टरसेटचा मेटा टॅग पानाच्या पहिल्या १०२४ बाइटांत यायला हवा. इंग्रजी पानाला ही अडचण सहसा येत नाही. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह मात्र यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, आणि जोडाक्षरात अशी तीन-चार चिन्हं असतात. वर मराठीत मोठी कॉमेंट, मग लांबलचक टायटल, मग वर्णन आणि त्यानंतर कॅरेक्टरसेट असा क्रम लावलात तर साडेतीनशेच्या आत चिन्हांत मर्यादा संपते. हेड उघडल्यावर पहिली ओळ कॅरेक्टरसेटचीच ठेवा.

हेडरची फाइल डिव्ह उघडते आणि फुटरची फाइल तो बंद करते, ही मांडणी अजूनही खूप ठिकाणी दिसते. ती मोडून काढा. जी फाइल टॅग उघडते तिनेच तो बंद करायचा. एक्स्टेंड आणि ब्लॉक या सोयी त्यासाठीच आहेत.

लूप, इफ आणि इन्क्लूड: चुका जन्मतात त्या जागा

साध्या ओळींत चूक क्वचित असते. ती असते सांध्यावर.

सगळ्यात जास्त आढळते ती एकच आयडी पुन्हा पुन्हा येण्याची. मालाच्या यादीत प्रत्येक टॉवेलपुढे 'नग' असं लेबल आणि आकडा भरायची चौकट आहे. लूपमध्ये चौकटीची आयडी तीच राहिली, तर पाचव्या टॉवेलच्या 'नग'वर बोट ठेवलं की कर्सर पहिल्या टॉवेलच्या चौकटीत जातो. गिऱ्हाइकाची ऑर्डर चुकते. स्क्रीन रीडर, म्हणजे पान आवाजात वाचून दाखवणारं साधन, वापरणाऱ्याला तर कुठली चौकट कुठल्या मालाची हे कळतच नाही. आयडीच्या शेवटी त्या मालाची प्रायमरी की (डेटाबेसमधला त्याचा एकमेव क्रमांक) जोडा आणि लेबलच्या फॉर ॲट्रिब्यूटमध्येही तेच लिहा. लूपचा काउंटरही चालतो, पण एका पानावर दोन लूप असले तर तो पुन्हा आदळतो, म्हणून मी की वापरते.

एकाच पानावर शोधाचा आणि चौकशीचा असे दोन फॉर्म असले आणि दोन्हींत 'नेम' नावाची फील्ड असली, तर जँगो दोघांना एकच आयडी देतो. दोन उपाय आहेत. फॉर्मला प्रीफिक्स दिला की आयडी आणि फील्डचं नाव दोन्ही बदलतात. मग पोस्ट झालेला डेटा वाचतानाही तोच प्रीफिक्स द्यावा लागतो, नाहीतर फॉर्म रिकामा आल्यासारखा वागतो. ऑटो आयडी बदलला तर फक्त आयडी बदलते. नवख्यांनी दुसरा उपाय घ्यावा असं माझं मत आहे.

दुसरी जागा म्हणजे रिकामी यादी. माल असताना पान पास होतं. नापसंत माल काढून विभाग रिकामा केला की लूपच्या एम्प्टी भागातून 'सध्या माल उपलब्ध नाही' असा परिच्छेद यूएलच्या आत थेट पडतो. यूएलच्या आत थेट एलआयच हवा. तेव्हा तो संदेश एलआयमध्ये घाला, किंवा यूएलच इफच्या आत न्या आणि संदेश बाहेर ठेवा. टेबलात रिकाम्या संदेशासाठी कोलस्पॅन देताना खरे रकाने मोजून द्या. चार रकान्यांच्या टेबलात पाच लिहिलेत की पाचव्या रकान्यात एकही सेल सुरू होत नाही, अशी चूक येते.

तिसरी, ओळीत तीन टॉवेल बसवण्याची. दर तिघांतल्या पहिल्या मालाला डिव्ह उघडा आणि तीनने भाग गेला की बंद करा, असं लूपमध्ये लिहितात. नऊ माल असताना जमतं, सातला शेवटची ओळ उघडी राहते, मग तिच्यासाठी आणखी एक इफ. यात वेळ घालवू नका. ओळींचे डिव्ह काढून टाका आणि सीएसएस ग्रिडला तीन रकाने सांगा. टेम्प्लेटमधून हिशेबच गेला की चूकही गेली.

म्हणूनच एकच भरलेलं पान तपासून थांबायचं नाही. यादी रिकामी असताना, एक माल असताना, भरपूर माल असताना. लॉगिन असताना आणि नसताना. आणि फॉर्म चुकीचा भरून पाठवल्यावर. चुकीच्या फॉर्मचं पान बहुतेक लोक विसरतात आणि चुका तिथेच लपलेल्या असतात.

परिच्छेदाच्या आत परिच्छेद

कधी पानावर विनाकारण रिकामी फट दिसते, वर्णनाच्या क्लासचं मार्जिन शून्य करूनही जात नाही. कारण बहुधा हे असतं: टेम्प्लेटमध्ये मालाचं वर्णन पी टॅगमध्ये गुंडाळलेलं, आणि एडिटरमधून आलेल्या वर्णनात स्वतःचे पी किंवा डिव्ह आहेत. पीच्या आत दुसरा पी किंवा डिव्ह सुरू झाला की पार्सर बाहेरचा पी तिथेच बंद करतो. नंतर तुमचा बंद करणारा पी येतो तेव्हा बंद करायला काही उरलेलं नसतं. अशा वेळी पार्सर तिथे एक रिकामा पी तयार करतो, असा नियमच आहे. ती फट म्हणजे तो रिकामा पी.

एडिटरचा मजकूर डिव्हमध्ये गुंडाळा. जँगोचा लाइनब्रेक्स फिल्टर पी तयार करतो, म्हणून त्याच्याभोवती डिव्ह. लाइनब्रेक्सबीआर फक्त ब्रेक देतो, म्हणून त्याच्याभोवती पी चालतो.

हाच घोटाळा जँगोच्या तयार फॉर्ममध्येही होतो. नवीन युजर बनवण्याच्या फॉर्मात पासवर्डच्या सूचना यूएलच्या रूपात येतात, आणि फॉर्म पी पद्धतीने छापला तर ती यादी पीच्या आत पडते. जँगो ४.१ मध्ये डिव्ह पद्धत आली, ५.० पासून तीच मूळ पद्धत झाली. जुन्या प्रोजेक्टवर काम करत असाल तर फॉर्म छापण्याची ती एक ओळ बदलून बघा, बऱ्याच चुका एकदम जातात.

मालाचं संपूर्ण कार्ड लिंकमध्ये गुंडाळून आत 'चौकशी करा'चं बटण ठेवणंही चालत नाही. लिंकच्या आत बटण किंवा दुसरी लिंक नको. लिंक मालाच्या नावापुरती ठेवा आणि सीएसएसने तिचं क्षेत्र कार्डभर पसरवा.

आपल्या भाषेच्या पानांतल्या खास चुका

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इंग्रजी ट्युटोरियलमध्ये तो येत नाही.

एचटीएमएल टॅगवरचा लँग, म्हणजे पानाची भाषा सांगणारं ॲट्रिब्यूट. तयार बेस कॉपी केला की तिथे इंग्रजीचा कोड असतो आणि तसाच राहतो. मराठी पानाला 'एमआर' हवा. 'मराठी' असा पूर्ण शब्द लिहिला तर चेकर तो नाकारतो. हा कोड शोभेचा नाही. स्क्रीन रीडर कुठल्या आवाजात वाचायचं ते त्यावरून ठरवतो, ब्राउझर भाषांतर सुचवायचं की नाही ते त्यावरून ठरवतो. काही देवनागरी फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, ते पानाची भाषा मराठी सांगितली तरच उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात.

सोलापुरात एका पानावर एकच भाषा असेल असंही नाही. पूर्व भागातल्या कारखान्याला नाव आणि घोषवाक्य तेलुगूतही हवं असतं, अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकांसाठी एखादी ओळ कन्नडमध्ये येते, कुणाला उर्दू हवी असते. त्या त्या तुकड्यावर स्वतंत्र लँग द्या: तेलुगूला 'टीई', कन्नडला 'केएन', उर्दूला 'यूआर'. उर्दूच्या तुकड्याला दिशाही उजवीकडून डावीकडे अशी सांगा, नाहीतर पूर्णविराम भलत्या टोकाला जातो.

मराठी आकडे दिसायला सुंदर, पण ॲट्रिब्यूटमध्ये चालत नाहीत. किंमत १२५० अशी देवनागरीत दाखवायला फिल्टर लिहिलात आणि तोच फिल्टर आकड्याच्या चौकटीच्या व्हॅल्यूवर लावलात, की चूक येते आणि चौकट रिकामी दिसते. रुंदी, उंची, व्हॅल्यू, तारीख: या सगळ्यांत साधे इंग्रजी आकडेच हवेत. हजाराचा स्वल्पविरामही नको. जँगोत हजाराचा विभाजक चालू केलेला असेल तर टेम्प्लेटमध्ये प्रायमरी कीमध्येही स्वल्पविराम घुसतो आणि लिंका तुटतात. तिथे अनलोकलाइज फिल्टर लावा.

टाइम टॅगचंही तसंच. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत कारखाना बंद राहणार म्हणून '१४ जानेवारी' असं टाइम टॅगमध्ये लिहिलं आणि डेटटाइम ॲट्रिब्यूट दिलं नाही, तर आतला मजकूरच यंत्राला कळणाऱ्या रूपात हवा असा नियम लागू होतो आणि मराठी तारीख नापास होते. डेटटाइममध्ये इंग्रजी आकड्यांत वर्ष, महिना, दिवस असा क्रम लिहा. आतला मजकूर मग हवा तसा मराठीत ठेवा.

आयडी देवनागरीत असू शकते, त्यात वावगं काही नाही. फक्त मधे जागा नको. विभागाच्या नावावरून आयडी बनवली आणि विभागाचं नाव 'सोलापुरी चादर' असलं की ती नापास. नावातून सुटसुटीत आयडी बनवणारं जँगोचं स्लगिफाय वापरलात तर युनिकोडची परवानगी देऊन वापरा, नाहीतर सगळी मराठी अक्षरं गळून रिकामी स्ट्रिंग उरते, आणि रिकामी आयडी ही आणखी एक चूक.

व्हॉट्सॲपची लिंक बहुतेक प्रत्येक गिऱ्हाइकाला हवी असते. त्यात आधीच भरलेला मराठी संदेश दोन शब्दांमध्ये मोकळी जागा ठेवून लिहिला की एचरेफ, म्हणजे लिंकचा पत्ता, नापास होतो. संदेशाला यूआरएलएन्कोड फिल्टर लावा. टेलिफोनच्या लिंकमध्येही ०२१७ नंतर जागा सोडू नका, ती फक्त दिसणाऱ्या मजकुरात सोडा.

टॉवेलचं माप लिहिताना इंचाची खूण म्हणून दुहेरी अवतरण वापरतात: ३०" × ६०". हे मालाच्या नावात असलं आणि तेच नाव फोटोच्या अल्टमध्ये (फोटोऐवजी वाचायच्या मजकुरात) छापलं, तर जँगो आपोआप ते सुरक्षित करून छापतो. कुणी त्यावर सेफ फिल्टर लावला असेल तर अल्ट पहिल्या इंचालाच संपतं आणि उरलेलं नाव नसत्या ॲट्रिब्यूटांत विखुरतं. सेफ हा फिल्टर प्रोजेक्टभर शोधून काढा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा, इथे तो का आहे? हा प्रश्न व्हॅलिडेशनपुरता नाही, बाहेरून आलेला स्क्रिप्ट टॅगही याच दारातून आत येतो.

फ्रेमवर्कची स्वतःची ॲट्रिब्यूटं

एचटीएमएक्स, अल्पाइन, व्ह्यू या जावास्क्रिप्ट लायब्रऱ्या टॅगमध्ये स्वतःची ॲट्रिब्यूटं वापरतात. एचटीएमएक्सची ॲट्रिब्यूटं 'एचएक्स' ने सुरू होतात आणि चेकर ती ओळखत नाही. त्यांच्यापुढे 'डेटा' आणि जोडरेघ लावली तरी एचटीएमएक्स ती वाचतो, आणि पान पास होतं. अल्पाइनमध्ये प्रीफिक्स बदलता येतो. व्ह्यूचं टेम्प्लेट बिल्डमध्ये कंपाइल होत असेल तर त्याची खास ॲट्रिब्यूटं पानात उरतच नाहीत. काहीच जमत नसेल, तर जार चेकरला ठरावीक संदेश गाळायला सांगता येतं. तेवढे संदेश गाळा, पण पॅटर्न अरुंद ठेवा.

नकाशा किंवा व्हिडिओचा चिकटवलेला आयफ्रेमही बघा. रुंदीत टक्के लिहिलेले असले तर ते सीएसएसमध्ये हलवा, फ्रेमबॉर्डर असेल तर काढून टाका.

पुन्हा बिघडू नये म्हणून

जँगोच्या टेस्टमध्ये पानांची यादी करा, टेस्ट क्लायंटने प्रत्येक पान मागवा, उत्तर तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा आणि ती जार चेकरला द्या. फक्त चुका दाखवायचा पर्याय सुरू ठेवा, इशारे नंतर हाताने बघा. यादीत रिकामा विभाग आणि चुकीचा भरलेला फॉर्म दोन्ही हवेत. जावा नको असेल तर नोडवर चालणारं एचटीएमएल-व्हॅलिडेट हे साधन आहे. त्याचे नियम थोडे वेगळे आहेत, म्हणून एकच काहीतरी निवडा आणि त्यावर टिका.

अपंगांनाही वेबसाइट वापरता याव्यात म्हणून असलेल्या डब्ल्यूसीएजी या निकषांच्या २.२ आवृत्तीतून, म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये, पार्सिंगची ४.१.१ ही अट काढून टाकली गेली. त्याचा हवाला देऊन कुणी व्हॅलिडेशन सोडून द्या म्हणालं तर त्यांना 'नग'ची ती चौकट दाखवा. लेबल चौकटीला जोडलेलं असणं, फोटोला अल्ट असणं, पानाची भाषा सांगितलेली असणं या अटी त्यात आजही आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच चुका हा चेकर काही सेकंदांत दाखवतो.

दुसऱ्याने बनवलेली जुनी साइट हाती आली, तर सगळी पानं एकदम हातात घेऊ नका. आधी बेस, मग मालाच्या यादीचा तुकडा, मग चौकशीचा फॉर्म. प्रत्येक दुरुस्तीचा वेगळा कमिट करा, म्हणजे मांडणी कुठे हलली तर कुठल्या बदलाने हलली हे लगेच सापडतं. जुनं सीएसएस कधी कधी चुकीच्या मार्कअपच्याच आधारावर उभं असतं. तिथे टॅग सुधारला की पान विस्कटतं आणि सीएसएसही त्याच बैठकीत नीट करावं लागतं. मालकांना वेळ सांगताना तो वेळ आधीच धरून सांगा.